काउबला पाणी किती?

ऑगस्ट कोरडा गेला की ऱ्हाईनवरच्या मालवाहतुकीत सकाळी उठल्याउठल्या एकच प्रश्न असतो: काउबला पाणी किती? रॉटरडॅमचा दलाल तो विचारतो, बाझेलच्या गोदामातली माणसं विचारतात, लुडविग्सहाफेनच्या रसायन कारखान्यांत विचारतात. मानहाइमजवळ माझं कामच बार्जच्या, म्हणजे नदीतल्या सपाट मालवाहू जहाजांच्या, फेऱ्या आखायचं, त्यामुळे चहाआधी मीही तो आकडा बघते. आकडा खाली गेला की भाडं वर जातं. कमी पाण्याचा जो अधिभार लावतात, तो वरच्या ऱ्हाईनच्या करारांत थेट काउबच्या पट्टीशी, म्हणजे पाण्याची पातळी दाखवणाऱ्या मोजपट्टीशी, बांधलेला असतो. युरोपातल्या इतक्या लोकांच्या तोंडी रोज या गावाचं नाव असतं, पण त्यांतल्या फारच थोड्यांनी ते पाहिलेलं असतं.

हजाराहून कमी वस्तीचं हे जर्मन गाव. १३२४ साली शहराचा दर्जा मिळाला म्हणून कागदोपत्री शहर, एरवी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पायी जायला कोणाला धाप लागणार नाही. माइन्झ आणि कोब्लेन्झ यांच्या मधे, नदीच्या उजव्या तीरावर. मागे उभा डोंगर, पुढे पाणी, आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत घरं, हमरस्ता आणि रेल्वे, तिघांची दाटी. डोंगरावर गूटेनफेल्सचा किल्ला आणि पाण्यात, बरोबर समोर, फाल्त्सग्राफेनश्टाइन हा जकातीचा किल्ला.

पाण्याच्या पट्टीबद्दल एक गोष्ट आधीच सांगते, कारण दर कोरड्या उन्हाळ्यात बातम्यांमध्ये ती चुकते. काउबची पातळी ४० सेंटिमीटर, म्हणजे ऱ्हाईनमध्ये गुडघाभर पाणी उरलं, असं नसतं. पट्टीचा शून्य नदीच्या तळाशी नसतो, तो ठरवून दिलेला एक बिंदू असतो. हिशेब असा: पट्टीवर साधारण ७७ सेंटिमीटर असताना जहाजांच्या वाटेत किमान १ मीटर ९० सेंटिमीटर पाणी मिळतं. पट्टी ४० वर आली की ते दीड मीटरच्या आसपास येतं. तेवढ्या पाण्यात भरलेलं बार्ज तळाला टेकेल, म्हणून ते निम्मं, तिसरा हिस्सा, कधी त्याहूनही कमी भरून सोडावं लागतं. एका बार्जचा माल मग तीन बार्जमध्ये जातो, आणि तीन बार्ज ऐन वेळी आणायची कुठून?

मी कोल्हापूरची. आमच्याकडे पावसाळ्यात पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यावरची पातळी घरोघरी तोंडपाठ असते: ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. पाणी चढतंय का, एवढीच धास्ती. नदीची पट्टी बघून पोटात गोळा येतो तो पाणी उतरतंय म्हणून, हे मला इथे येऊनच कळलं.

पण सगळं सोडून काउबच का? वर-खाली एवढी लांब नदी पडली असताना एकाच ठिकाणच्या पाण्यावर सगळ्यांचा हिशेब का अडावा? याचं उत्तर खडकात आहे. माइन्झपर्यंत ऱ्हाईन ऐसपैस पसरलेली असते, तिच्यात बेटं आहेत, काठाला मळे आहेत. बिंगेनला ती डोंगरात शिरते आणि तिथून कोब्लेन्झपर्यंत जवळपास ६५ किलोमीटर घळीतून वाहते. हा डोंगर पाटीच्या दगडाचा. सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वी समुद्राच्या तळाशी बसलेला चिखल दाबला गेला, दुमडला गेला आणि त्याची ही पापुद्र्यापापुद्र्यांची शिळा झाली. नदीने डोंगर फोडून वाट काढली असं आपण सहज म्हणतो. इथे क्रम उलटा आहे. नदी आधीपासून वाहत होती, जमीन तिच्याखालून हळूहळू वर येत गेली आणि नदी आपली पातळी न सोडता तिला कापत राहिली. पण दगड सगळीकडे सारखा मऊ नाही. मधेमधे कठीण खडकाच्या धारा आडव्या येतात, त्या पाण्याला झिजवता आल्या नाहीत आणि तळाशी तशाच राहिल्या. बिंगेनचा आडवा खडक प्रशियाने एकोणिसाव्या शतकात सुरुंग लावून बराचसा फोडला. बाखाराख ते काउब हा पट्टा मात्र अवघड तो अवघडच राहिला. नावाड्यांच्या बोलीत त्याचं नावच 'विल्डेस गेफेर', साधारण 'रानटी धोका', असं आहे. तिथे खडकांवरून पाणी तिरकं ओढलं जातं आणि जहाजाचं नाक नको तिकडे वळतं.

म्हणून काउबमध्ये लोट्झांची परंपरा होती. लोट्झ म्हणजे वाटाड्या नावाडी. परक्या जहाजावर चढायचं, सुकाणू हातात घ्यायचं आणि अवघड पट्टा पार करून द्यायचा. खडक पाण्याखाली, दिसत काही नाही. वरून पाणी कसं सुरकुततं, भोवरा कुठे धरतो, पट्टीवर आज किती आहे, यावरून खाली काय आहे ते ओळखायचं. ही विद्या बाप मुलाला शिकवत असे. मोठी इंजिनं, रडार आणि खुणांचे दिवे आले तसं विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हे काम संपलं. मला याची खरंच हळहळ वाटते. आज माझ्या पडद्यावर तळाचा नकाशा सेंटिमीटरपर्यंत दिसतो, पण पाण्याकडे नुसतं बघून त्याची खोली सांगणारा माणूस आता या काठावर नाही.

वाट एकच असेल आणि ती अरुंद असेल, तर तिथे कोणीतरी येऊन बसणारच. काउबमध्ये तो माणूस बव्हेरियाचा लुडविग होता, जर्मनीचा राजा आणि पुढे सम्राट. गाव आणि वरचा किल्ला फाल्त्स या ऱ्हाईनकाठच्या संस्थानाच्या सरदारांनी १२७७ मध्येच विकत घेतला होता. लुडविगने १३२७ च्या सुमारास समोरच्या खडकाळ बेटावर पाच कोनांचा बुरूज उभा केला. जागा अशी हेरली की वाहवा म्हणावं! गावाच्या थोडं वर डाव्या अंगाला धोक्याचे खडक, त्यामुळे प्रत्येक जहाजाला उजव्या काठाने, म्हणजे बेट आणि गाव यांच्या मधूनच जावं लागे. तिथे साखळी ओढली की झालं. जकात द्या आणि पुढे जा. कुरकुर करणाऱ्यांना आत डांबायची सोय होतीच.

पोप बाविसावा जॉन यावर संतापला. त्याचं आणि लुडविगचं आधीच हाडवैर, १३२४ मध्ये त्याने लुडविगला बहिष्कृत केलं होतं. हा बुरूज पाडा, असं त्याने माइन्झ, ट्रिअर आणि कलोनच्या आर्चबिशपांना सांगितलं. ते तिघेही ऱ्हाईनवर आपापल्या जकाती घेतच होते, त्यामुळे नव्या जकातीला त्यांचा विरोध धर्मापोटी किती आणि खिशापोटी किती, हे समजायला फार डोकं लावायला नको. बुरूज काही पडला नाही. उलट दहा-पंधरा वर्षांत त्याच्याभोवती बारा मीटर उंचीचा सहाकोनी तट चढला. प्रवाहाकडचं टोक जहाजाच्या नाळेसारखं निमुळतं ठेवलं, म्हणजे पूर आणि हिवाळ्यातले बर्फाचे तुकडे दुभंगून दोन्ही अंगांनी निघून जातील. ऱ्हाईनकाठचे बहुतेक किल्ले पडले, जळाले आणि पुढे हौशी धनिकांनी आपल्या कल्पनेप्रमाणे पुन्हा बांधले. हा मात्र कधी कोणी पाडला नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत, म्हणजे आगगाडी आल्यानंतरही काही वर्षं, इथे जकातीचा अंमल होता. काउब तेव्हा ज्यात होतं ते नासाउचं राज्य प्रशियाने १८६६ मध्ये घशात घातल्यावर तो संपला.

काउबच्या धक्क्यावरून छोटी बोट बेटावर नेते. बाहेरून पांढरा, लाल कडांचा, चित्रातल्यासारखा दिसणारा हा किल्ला आत गेलं की एकदम कामाचा वाटतो. अंगण जेमतेम, मधे बुरूज, आणि तटाच्या आतून फिरणाऱ्या लाकडी गॅलऱ्या. दिवाणखाना, दरबार, झरोके, काही नाही. इथे राजेरजवाडे राहिले नाहीत, शिपाई राहिले. गॅलरीच्या फटीतून खाली बघितलं की जाणारं जहाज इतकं जवळून जातं की डेकवर वाळत घातलेले कपडे दिसतात. कप्तानाला कुठलीही पळवाट नव्हती, हे तिथे उभं राहिल्यावर पटतं.

गावात परत आल्यावर मी नेहमी तटाच्या कमानींवरून जाणाऱ्या वाटेकडे वळते. नदीच्या बाजूला गावाचा जुना तट आहे आणि त्याच्यावर पहाऱ्याची गॅलरी. युद्धाचे दिवस गेले, तशी ही गॅलरी पुरासाठी कामी आली. खालच्या गल्लीत पाणी शिरलं की लोक वरच्या मजल्याच्या दारातून या वाटेवर येत आणि शेजारी, दुकानात, चर्चला जात. काही घरांना अजून ती वरची दारं आहेत. सरळ भिंतीत, पहिल्या मजल्यावर, दार. ऐन उन्हाळ्यात बघणाऱ्याला ते अगदी विचित्र दिसतं. खाली भिंतींवर पुरांच्या खुणा कोरलेल्या, शेजारी साल. कोरड्या पट्टीसाठी जगाला माहीत असलेलं गाव शतकानुशतकं राहिलं ते पुराच्या बेताने.

इथलं चर्चही बघण्यासारखं आहे. एकाच इमारतीत प्रोटेस्टंट आणि कॅथलिक दोघांची प्रार्थनास्थळं, मधे भिंत. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला फाल्त्सच्या राज्यात चर्चांच्या वाटण्या झाल्या, त्यातली ही वाटणी. भाऊ वेगळे झाले पण छप्पर एकच राहिलं, आणि ते तसंच तीनशे वर्षं टिकलं.

आता ब्ल्यूशर. त्याच्याशिवाय काउबचं वर्णन पुरं होत नाही, नदीकाठी त्याचा मोठा पुतळाच आहे. १८१३ च्या ऑक्टोबरमध्ये लाइपझिगला नेपोलियनचा पराभव झाला आणि तो ऱ्हाईनपलीकडे हटला. डावा तीर तेव्हा फ्रान्सचा. ७१ वर्षांचा प्रशियन सेनापती ब्ल्यूशर ऱ्हाईन ओलांडायची जागा शोधत होता. रुंद, सपाट ठिकाणी फ्रेंच पहारा होता. डोंगराच्या घळीतून, भर हिवाळ्यात, कोणी फौज उतरवेल असं कोणाला वाटणार? शिवाय नदीच्या मधोमध ते बेट. पूल दोन तुकड्यांत बांधता येईल.

३१ डिसेंबरच्या रात्री काउबच्या नावाड्यांनी पहिल्या तुकडीला गुपचूप पलीकडे नेलं. नवं वर्ष उजाडलं तेव्हा प्रशियाचे शिपाई डाव्या तीरावर होते. मग रशियन पायोनियर, म्हणजे पूल बांधणारे सैनिक, कामाला लागले. त्यांच्या होड्या म्हणजे लाकडी सांगाड्यावर ताणलेलं डांबर फासलेलं जाड कापड. त्या शेजारी शेजारी नांगरून वर फळ्या टाकायच्या. ऱ्हाईनच्या ओढीपुढे त्या पहिल्या झटक्यात टिकल्या नाहीत, पुलाचा भाग वाहून गेला, तो पुन्हा बांधावा लागला. तरीही पुढच्या दिवसांत सुमारे ५०,००० माणसं, हजारो घोडे आणि तोफा या गावातून पलीकडे गेल्या. मार्चच्या अखेरीला ही फौज पॅरिसमध्ये होती.

ब्ल्यूशर ज्या खानावळीत उतरला होता तिथे आता संग्रहालय आहे. शाळेच्या पुस्तकात ही मोहीम दोन ओळींची असते. पण गावाच्या बाजूने बघा. अरुंद गल्ल्या, कडाक्याची थंडी, आणि दारात गावाच्या कित्येक पट फौज. कोणाच्या गोठ्यातला चारा गेला, कोणाच्या कोठीतलं पीठ गेलं, कोणाची होडी गेली. होड्या वल्हवणाऱ्यांसाठी पुतळा नाही. अंधारात, खडकांच्या त्या पट्ट्यात, पाण्याची ओढ अंगात भिनलेली माणसं नसती तर ब्ल्यूशर काठावरच उभा राहिला असता, असं मला वाटतं.

डोंगराने गावाला पोसलंही आणि मारलंही. पाटीचा दगड खाणीतून काढायचा, त्याचे पातळ पापुद्रे सुटे करायचे आणि छपरांसाठी पाठवायचे, हा इथला मोठा धंदा १९७० च्या दशकापर्यंत चालला. काउबची काळी-निळसर छपरं याच दगडाची. आणि याच उतारावरून १८७६ च्या मार्चमध्ये रात्री दरड खाली आली, घरं गाडली गेली, दोन डझनांहून जास्त माणसं गेली.

आता एक प्रकरण असं, जे ऐकून माझ्या कोल्हापूरच्या मामांनी मला वेड्यात काढलं होतं. पहिलं महायुद्ध संपल्यावर दोस्त राष्ट्रांनी ऱ्हाईनचा डावा तीर ताब्यात घेतला, आणि उजव्या तीरावर कलोन, कोब्लेन्झ व माइन्झसमोर ३० किलोमीटर त्रिज्येची वर्तुळं आखून तेवढा मुलूखही घेतला. कोब्लेन्झचं वर्तुळ अमेरिकनांकडे, माइन्झचं फ्रेंचांकडे. नकाशावर कंपास फिरवणाऱ्याच्या लक्षात आलं नाही की या दोन वर्तुळांच्या कडा एकमेकींना मिळत नाहीत. मधे एक चिंचोळा तुकडा सुटला. आकार हुबेहूब बाटलीच्या मानेसारखा, आणि त्या मानेचं तोंड ऱ्हाईनवर, लोर्ष आणि काउब इथे. तिथे कोणाचीच फौज नव्हती, आणि उरलेल्या जर्मनीशी धड रस्ताही नव्हता. आगगाड्या जात, थांबत नसत. जहाजांनाही धक्क्याला लागायची परवानगी नव्हती.

१० जानेवारी १९१९ पासून हा मुलूख आपला आपण चालू लागला. लोक त्याला 'फ्राइश्टाट फ्लाशेनहाल्स' म्हणू लागले, बाटलीच्या मानेचं स्वतंत्र राज्य. सूत्रं लोर्षचा महापौर एडमुंड प्निशेक याच्याकडे. टंचाईत चालवायला स्वतःच्या नोटा छापल्या. पीठमीठ, कोळसा, टपाल डोंगरावरच्या वाटेने लिम्बुर्गकडून आणायचं. जे तसं मिळत नव्हतं ते रात्री चोरून. लोक आजही हसत सांगतात ते या तस्करीचे किस्से, होड्या, वाईनची पिंपं, पहाऱ्याच्या नजरा चुकवणं. मला त्या किश्शांपेक्षा बायकांच्या संसाराचा विचार जास्त येतो. समोर दिसणाऱ्या बाखाराखला माहेर असेल तर जायचं कसं? आजारी मूल कोणत्या डॉक्टरकडे न्यायचं? अशी चार वर्षं. १९२३ च्या फेब्रुवारीत, जर्मनीच्या औद्योगिक रूहर खोऱ्यावरच्या कारवाईनंतर, फ्रेंचांनी हा तुकडाही व्यापला आणि राज्य संपलं. इथल्या द्राक्षबागायतदारांनी १९९० च्या दशकात ते नाव पुन्हा वर काढलं, आणि आता त्या नावाने रीसलिंग वाईन विकली जाते.

जकात असो, पूल असो, कंपासने सुटलेला तुकडा असो, काउबच्या वाट्याला जे आलं ते त्याच्या अरुंदपणामुळे. आणि निर्णय दरवेळी दुसरीकडे झाले, लुडविगच्या दरबारात, प्रशियाच्या छावणीत, युद्धतहाच्या टेबलावर. आजही तेच चाललंय, आणि मला ते खुपतं.

२०१८ च्या ऑक्टोबरमध्ये पट्टी २५ सेंटिमीटरवर आली. इतकं कमी पाणी तिथे कधी नोंदलं गेलं नव्हतं. लुडविग्सहाफेनच्या बीएएसएफ या रसायन कंपनीने त्या वर्षी या कमी पाण्यापायी सुमारे २५ कोटी युरोंचा फटका सांगितला. २०२२ च्या ऑगस्टमध्ये पुन्हा पट्टी ४० च्या खाली. २०१८ च्या धड्यानंतर कंपनीने कमी पाण्यात चालेल असं रुंद टँकर जहाज बांधून घेतलं, १३५ मीटर लांब, साडेसतरा मीटर रुंद. काउबला ३० सेंटिमीटर असतानाही ते ८०० टन माल घेऊन जाऊ शकतं. सरकारची योजना वेगळी: माइन्झच्या खालपासून सांक्ट गोआरपर्यंत जहाजांच्या वाटेची हमी १ मीटर ९० वरून २ मीटर १० वर न्यायची. वीस सेंटिमीटर म्हणजे हाताची वीत, पण एका मोठ्या बार्जला तेवढ्यात सुमारे २०० टन जास्त भरता येतात. पर्यावरणवाद्यांना माशांच्या जागांची, किनाऱ्याच्या उथळ पाण्याची काळजी आहे, आणि ती रास्त आहे. माझं पोट याच धंद्यावर चालतं, तरी मला वाटतं की खडक तासायचे ते नेमक्या ठिकाणी आणि मोजून. आल्प्समधलं बर्फ आटत चाललंय. वरून पाणीच कमी आलं तर तळ किती खरवडणार?

दोन्ही तीरांवरून आगगाड्या धावतात, त्यांतल्या उजव्या काठाने, म्हणजे काउबच्या खिडक्यांखालून, रॉटरडॅम ते जेनोआ वाटेवरच्या मालगाड्या रात्रभर जातात. मी एकदा तिथे मुक्कामाला राहिले. खिडकी बंद असतानाही पलंग थरथरायचा. हा सगळा मुलूख २००२ पासून जागतिक वारसा आहे, पण वारशात झोपायची सोय नाही. तरुण पोरं माइन्झला, कोब्लेन्झला जातात. उभ्या उतारावरचे द्राक्षमळे हाताने कसावे लागतात, ते परवडत नाहीत, आणि सोडलेल्या पायऱ्यांवर काटेरी झुडपं माजतात. मुख्य गल्लीत बंद दुकानांच्या काचा दिसतात.

आणि पूल नाही. माइन्झ-वीस्बाडेनपासून कोब्लेन्झपर्यंत ८० किलोमीटरहून जास्त अंतरात ऱ्हाईनवर एकही पूल नाही. बिंगेनला एक होता, तो १९४५ मध्ये गेला आणि परत बांधला नाही. सांक्ट गोआरपाशी बांधायचा म्हणून वर्षानुवर्षं चर्चा चाललीय, कधी पैशांवर अडते, कधी वारशाच्या दर्जावर. काउबची गाड्या नेणारी फेरी आहे आणि ती फार चांगली चालते, पण रात्री ती बंद असते. समोरचा तीर हाकेच्या अंतरावर, आणि तिथे जायला मग गाडीने कोब्लेन्झ किंवा माइन्झचा वळसा. वीस सेंटिमीटरसाठी जे पैसे खर्च होणार आहेत, त्यातून ही फेरी रात्रीही चालावी एवढी तरतूद या गावासाठी करायला हवी. ज्यांचा माल इथून रोज जातो त्या आम्ही सगळ्यांनी ती मागायला हवी.